अकरावा मजला काय घेणार

माझी चूक आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायची ठरवली तर मी तिच्याभोवती सबबी रचत बसेन. दीड वर्ष मी माझ्या स्वतःच्या मुलीशी दुसराच माणूस होऊन बोलत होतो. घरात ती मला बाबा म्हणायची आणि फोनवर सर म्हणायची, आणि हे दोघं एकच आहेत हे फक्त मला माहीत होतं. त्यातून तिचं एक वर्ष गेलं. आणखी काय काय जाऊ शकलं असतं, हा विचार मी अजूनही शेवटापर्यंत नेऊ शकत नाही.

आम्ही इंद्रपुरीत राहतो. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, माझं लहानपण तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि मी इथल्या मोठ्या कारखान्यात लागलो. काम तपासणीचं. जाड पोलादी जोडांवरून यंत्राचा प्रोब फिरवायचा, पडद्यावरची रेघ बघायची आणि आत कुठे तडा आहे का ते सांगायचं. तडा सापडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हा वाढेल का, आणि वाढला तर कोणत्या बाजूला. पंचवीस वर्षं हाच प्रश्न विचारल्यावर माणूस घरीही तोच विचारायला लागतो. बायको म्हणते, तुमच्यासमोर पापड ठेवला तरी तुम्ही आधी तो कुठून मोडेल ते बघता.

मुलगी अकरावीत असताना तिने मैत्रिणीकडून एका इंग्रजी मालिकेचं पहिलं पुस्तक आणलं. तेव्हा मालिकेची दहा पुस्तकं झाली होती आणि अकरावं यायचं होतं. गोष्ट अशी: एका मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करणारी एक तरुण मुलगी असते. तिला कळतं की काही जुन्या लिफ्ट तळमजल्याच्याही खाली जातात, जिथे इमारतीच्या नकाशात मजलाच नाही. दर पुस्तकात ती एक मजला खाली उतरते. तिथे जे राहतं ते वर यायला बघतं आणि ती त्याला अडवते. पण परत येताना तो मजला तिच्याकडून काहीतरी घेतो. हे घेणं टळत नाही.

माझी मुलगी या पुस्तकांनी झपाटली. ती वाचकांच्या एका ग्रुपमध्येही गेली, आणि मला पहिली भीती वाटली ती तिथे.

"ग्रुपमध्ये कोण कोण आहे?" मी जेवताना विचारलं.

"लोक आहेत."

"कोण लोक?"

"बाबा, रीडर्स. किडनॅपर नाहीत."

"चेहरे तरी माहीत आहेत का तुला?"

"तुम्हाला तरी कुठे सगळ्या कारखान्याचे चेहरे माहीत आहेत?" ती म्हणाली, आणि तिची आई हसली. मी हसलो नाही. ग्रुपमध्ये कुणाचा नंबर दिसत नसे; तीन दिवसांनी एक टोपणनाव आणि एका झाडाचा फोटो घेऊन मी तिथे शिरलो. एक आठवडा बघायचं आणि निघायचं, असं ठरवलं होतं.

तिथे वाईट कोणी नव्हतं. भोपाळ, इंदूर, जबलपूरची पोरं, दोन-तीन कॉलेजच्या मास्तरणी, एक बँकेतले गृहस्थ. सगळे हिंदीत भांडत होते, आणि कशावर भांडतात ते कळावं म्हणून मी पहिलं पुस्तक वाचलं. मग दुसरं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून वाचत बसायचो. तीन महिन्यांत दहाही संपली. तोवर ग्रुपमधून निघायचं माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

ग्रुपची एक रीत होती. नवीन पुस्तक यायच्या आधी प्रत्येकाने आपलं भाकीत लिहायचं, आणि एकदा लिहिलं की पुसायचं नाही. पुस्तक आल्यावर ज्याचं चुकेल त्याच्या नावापुढे महिनाभर 'तळघर' असं लागायचं. त्या वर्षी सगळा वाद एकाच गोष्टीवर होता: यावेळी पणाला काय लागणार? पहिल्या पुस्तकात एक इमारत धोक्यात होती, मग एक मोहल्ला, मग शहर, आणि दहाव्यात जवळजवळ सगळं जग. जगाच्या पुढे काय? कुणी म्हणे आता काळच थांबणार, कुणी म्हणे मेलेले परत येणार. इंदूरच्या एका पोराने लिहिलं, "अब क्या, सूरज को लिफ्ट में बिठाओगे?"

मी तोवर फारसा बोललो नव्हतो. त्या आठवड्यात मी बसून दहा पुस्तकांचा तक्ता केला आणि माझं भाकीत मांडलं. धोका मोठा होत नाहीये, असं मी लिहिलं, तो जवळ येतोय. पहिल्या मजल्याने एका अनोळखी चौकीदाराला घेतलं. दुसऱ्याने एका गिऱ्हाइकाला. मग शेजारी, मग तिचा उस्ताद, मग मैत्रीण, आणि दहाव्याने भाऊ. तडा जसा सगळ्यात जास्त ताण असलेल्या जागेकडे सरकतो, तसं हे नायिकेच्या सगळ्यात जवळच्या माणसाकडे सरकतंय. अकरावा मजला तिची आई घेणार.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सहाव्या पुस्तकातल्या मजल्याने कुणालाच घेतलं नव्हतं, आणि ते माझ्या तक्त्यात बसत नव्हतं. मी ते पुस्तक पुन्हा चाळलं. खाली उतरायच्या आधी नायिकेच्या हातून तिच्या वडिलांची हत्यारांची पेटी लिफ्टच्या खड्ड्यात पडते, असं त्यात आहे. झालं, मला दुवा मिळाला. आपल्याच हाताने आधी काही दिलं तर मजला माणूस घेत नाही. मी त्याला दोन अटी जोडल्या: दिलेली गोष्ट परत मिळता कामा नये, आणि ती कुणाला सांगता कामा नये. या अटी कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. मांडणी भक्कम दिसावी म्हणून मी त्या घातल्या.

ग्रुपमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. 'नज़दीकी वाली थ्योरी' असं तिचं नावच पडलं. माझ्या मुलीने लिहिलं, "सर, रोंगटे खड़े हो गए।" मी बैठकीत होतो आणि ती आतल्या खोलीत. तिने ओढलेला श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू आला असं मला वाटलं. खरं असेल किंवा नसेल.

रात्री जेवताना ती माझंच भाकीत मला समजावून सांगू लागली. हातात पोळीचा तुकडा, डोळे मोठे. माझ्या कुठल्याही बोलण्यावर तिचे डोळे इतके मोठे झालेले मी पाहिले नव्हते.

"हे सर करतात काय?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही. प्रोफेसर असतील. फार शांत आहेत, बाबांसारखे चिडत नाहीत."

"मग बाबांना पाठव त्यांच्याकडे ट्यूशनला."

मी वरण वाढून घेतलं. सांगायची ती वेळ होती. दोघी हसत होत्या, मीही हसून सांगितलं असतं तर एक दिवसाचा रुसवा आणि मग आयुष्यभराचा विनोद, एवढ्यावर भागलं असतं. पण तिला ते सर आवडत होते. मला वाटलं, असू दे. ती मला जे सांगत नव्हती ते ग्रुपबाहेर, वेगळ्या निरोपांत त्यांना सांगायची: फिजिक्सची भीती, एका मैत्रिणीने बोलणं टाकलं ते, आणि एकदा हेही, की घरी बाबा ऐकतात कमी आणि तपासतात जास्त. ते वाचून मी मान खाली घातली, आणि सर म्हणून तिला समजूतदार उत्तर दिलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, ती बारावीत असताना, बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून तपासायला पाठवू, बहुतेक काळजीचं नसेल, पण थांबू नका. 'बहुतेक' हा शब्द मी कामावर रोज वापरतो, त्यामुळे त्यात किती जागा असते ते मला माहीत आहे. लवकरात लवकरची तारीख मार्चमधली मिळाली, बरोबर बोर्डाच्या परीक्षेत. मुलीला गाठीचं सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. छोटंसं ऑपरेशन आहे, एवढंच सांगायचं. आम्ही स्वयंपाकघरात मिक्सर लावून बोलायचो, म्हणजे आत ऐकू जाऊ नये.

"रोज चटणी वाटतेय मी," बायको म्हणायची. "पोरीला संशय आला तर या चटणीचाच येईल."

आला. नंतर कळलं की तिसऱ्याच दिवशी तिने कपाटातली फाइल काढून सगळं वाचलं होतं. आम्ही तिच्यापासून लपवत होतो, म्हणून तीही आम्हाला काही विचारू शकली नाही. विचारायला तिच्याकडे एकच माणूस होता.

फेब्रुवारीतली संध्याकाळ. मी बैठकीत पेपर वाचत होतो, ती आत अभ्यास करत होती. माझा फोन थरथरला. "सर, एक बात पूछनी थी। मान लो हीरोइन को पता है कि अब माँ की बारी है। वो पहले से कुछ दे दे, तो माँ सच में बच जाएगी?"

मी तिच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मला कळलं होतं. मी खूप दिवस स्वतःशी असंच म्हणत राहिलो की ती पुस्तकाबद्दल विचारत होती आणि मी पुस्तकाबद्दल उत्तर दिलं. पण वाचल्याबरोबर माझ्या हाताला घाम आला होता, आणि पुस्तकांनी हाताला घाम येत नाही. उठून दार वाजवायचं, आत जायचं, 'आईचं सगळं सांगतो, बस' असं म्हणायचं. दहा पावलं होती. पण मग ती विचारणार, तुम्हाला आत्ताच कसं सुचलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. प्रश्न चांगला होता. माझ्या मांडणीवर इतका नेमका प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

मी लिहिलं, "हाँ। पर चीज़ बराबर की होनी चाहिए। छोटी चीज़ से मंज़िल नहीं मानती।"

"बराबर की मतलब?"

"जिसके जाने से रास्ता ही बदल जाए।"

मग आलं, "ठीक है सर।"

त्या 'ठीक है'ने माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, दोन वर्षं रोज चित्रं काढत होती. एका दुपारी तिने आपला ड्रॉइंग बोर्ड आणि पेन्सिलींचा डबा शेजारच्या मुलीला देऊन टाकला. "मला नको आता," एवढंच म्हणाली. बायकोला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसच्या बॅगेत टाकली. ती बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिली की मी बाहेरून उगाच विचारायचो, "गीझर बंद केलास ना?" चहा घेताना तिच्या मनगटांकडे बघायचो. भीती इतकी होती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. सर म्हणून एक ओळ लिहिली असती, की बेटा ही फक्त गोष्ट आहे, तरी चाललं असतं. तीही लिहिली नाही. लिहिली तर तिला वाटेल सरांना काहीतरी माहीत आहे, असं मी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला कारणं भराभर सुचतात.

ऑपरेशनच्याच दिवशी तिचा फिजिक्सचा पेपर होता. बायकोला आदल्या संध्याकाळी दाखल केलं होतं. सकाळी परीक्षेला जाण्याआधी मुलगी हट्टाने दवाखान्यात आली, आईच्या पाया पडली, आणि पडून तशीच वाकलेली राहिली.

"अगं ऊठ," बायको म्हणाली. "पेपर तुझा आहे. मला फक्त झोपायचंय."

मी तिला स्कूटरवर केंद्राच्या फाटकाशी सोडलं. ती आत जाईपर्यंत थांबलो. आत गेली ते पाहूनच निघालो.

दवाखान्यात मुलीची मावशी, म्हणजे बायकोची मोठी बहीण, नागपूरहून आली होती. बायकोला आत नेल्यावर मी त्या बोळात येरझारा घालू लागलो.

"बसा न जी जरा," मावशी म्हणाल्या. "ऑपरेशन तिचं होऊन राहिलं का तुमचं?"

मी बसलो. पेपर सुरू होऊन तास-दीड तास झाला असेल. खिशात फोन थरथरला. मुलीचा निरोप, सरांना.

"दे दिया सर। अब वापस नहीं हो सकता।"

पेपरला फोन नेता येत नाही. म्हणजे ती परीक्षेच्या खोलीत नव्हती. एवढं कळायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही, पण मावशी माझ्याकडे बघून उभ्या राहिल्या हे आठवतं. "काय झालं जी?" मी म्हणालो, येतो, तुम्ही इथेच थांबा. लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, आणि आत पाऊल टाकताना माझे पाय खरंच अडले. मग खाली गेलो, पार्किंगमध्ये, स्कूटरजवळ. किल्ली लावली आणि कुठे जायचं तेच सुचेना. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती, मोठा तलाव. या शहरात कुठूनही निघा, पाणी जवळच असतं. मी बाबा म्हणून फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

मग मी सर म्हणून लिहिलं. "कहाँ हो बेटा?"

सरांनी तिला आजवर कधी बेटा म्हटलं नव्हतं. माझी बोटं ते लिहून मोकळी झाली होती. मी स्क्रीनकडे बघत उभा राहिलो. बापाला ती सांगणार नव्हती. सरांनाही नाही सांगितलं तर माझ्याकडे तिसरं कुणी नव्हतं.

"अस्पताल में। सीढ़ियों पर। माँ ऊपर है।"

सगळे लोक लिफ्टने जात, त्यामुळे त्या जिन्यात कुणी नसायचं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामध्ये ती एका पायरीवर बसली होती, दप्तर मांडीवर, गणवेशात. ती धडधाकट होती. मी खालच्या पायरीवर बसलो. फाटकातून आत जाऊन ती घंटा व्हायच्या आधीच बाहेर पडली होती आणि रिक्षा करून इथे आली होती.

"पेपर?" मी विचारलं.

"नाही दिला."

"का?"

"असंच." मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे?"

आताही वेळ होती. तिसरी की चौथी, मी मोजणं सोडलं आहे.

"मावशीने पाहिलं तुला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. वरून मावशींची हाक आली, "अहो, कुठं गेले जी? निघाली ती बाहेर! बोलून पण राहिली!" मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय असं मला वाटलं. ती हसत होती.

पेपर बुडाल्याचं बायकोला दोन दिवसांनी सांगितलं. ती रागावली नाही. मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "घाबरलीस ना माझ्यासाठी?" आणि सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं की पोरीला केंद्रावर चक्कर आली. विषय नंतरच्या परीक्षेत देता येणार होता. पण ज्या कॉलेजसाठी ती दोन वर्षं चित्रं काढत होती, तिथली त्या वर्षीची संधी गेली. मुलगी यावर एक शब्द बोलली नाही. घरात सगळ्यात शांत तीच होती. त्या शांतपणाचं सगळ्यांना कौतुक वाटत होतं. मला मात्र तिच्याकडे बघवत नव्हतं.

गाठीचा रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस होते. त्याच दिवसांत अकरावं पुस्तक आलं. मी एका दिवसात वाचलं. मजल्याने आईला हातही लावला नाही. त्याने नायिकेकडून तिच्या शहराच्या रस्त्यांची आठवण घेतली, घरी परतायची वाट तिला दुसऱ्यांना विचारावी लागली. माझं भाकीत साफ चुकलं होतं. ग्रुप आनंदला. "सर जी, तलघर में आपका स्वागत है।" "चाय-नाश्ता भी मिलेगा, लिफ्ट नहीं मिलेगी।" माझ्या नावापुढे तळघर लागलं आणि मला हायसं वाटलं. आता तिलाही कळेल की त्या मांडणीत काही दम नव्हता. माझ्या न बोलण्याने जे बिघडलं ते माझ्या न बोलण्यानेच मिटेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टरांनी 'बहुतेक' हा शब्द वापरला नाही. बायकोने घरी येऊन सगळ्यांना फोन केले आणि गूळ वाटला. मी बैठकीत बसून तिचा आवाज ऐकत होतो, इतक्यात फोन थरथरला.

"सर, किताब में आपकी थ्योरी गलत निकली। पर असल में सही है। मैंने करके देखा। आप उदास मत होना।"

मी अजून ते वाचतच होतो तेवढ्यात दुसरा आला.

"माँ के बाद तो बाबा का नंबर आता है न? उनका बीपी रहता है। इस बार बड़ा देना पड़ेगा। मैंने सोच लिया है।"

त्या दोन ओळी वाचताना मला जी भीती वाटली तिच्यापुढे पार्किंगमधली भीती काहीच नव्हती. तिथे निदान धावता येत होतं. इथे सगळं ठीक होतं. आई बरी झाली होती, घरात गुळाचा वास होता, आणि माझी मुलगी आतल्या खोलीत शांतपणे हिशोब करत होती की माझ्यासाठी काय द्यायचं. आणि हे माझ्यावर थांबणार नव्हतं. पुढे मावशी, पुढे कधी तिचं स्वतःचं मूल. कुणाला ताप आला, कुणाला घरी यायला उशीर झाला, की ती स्वतःतला एक तुकडा काढून ठेवणार, आणि माणूस बरं झालं की तिला वाटणार, चाललं. दर वेळी आधीपेक्षा मोठा तुकडा. हे कुठल्या रिपोर्टात दिसलं नसतं. कुणी तिला खोटं ठरवू शकलं नसतं, कारण पुरावा तिच्याकडे होता. तो मी पुरवला होता.

मी उठलो. बायकोने फोन कानाला लावूनच खुणेने विचारलं, काय? मी मान हलवली आणि मुलीच्या खोलीचं दार वाजवलं.

ती पलंगावर बसली होती. मी खुर्चीवर बसलो नाही, जमिनीवर बसलो, आणि माझा फोन उघडून तिच्यासमोर ठेवला. तिने आधी झाडाचा फोटो पाहिला. मग वर सरकवत गेली. तिचेच निरोप, पण दुसऱ्या बाजूने.

"हे तुमच्याकडे कसं आलं?" ती म्हणाली. मग, "तुम्ही माझा फोन बघता?"

"नाही. हा माझा फोन आहे. ते मीच आहे. पहिल्या दिवसापासून."

ती एकदम उभी राहिली, पुन्हा बसली. "मी त्यांना सगळं सांगितलं होतं. सगळं. तुमच्याबद्दल पण." आणि मग अगदी बारीक आवाजात, "म्हणजे सर नाहीच आहेत?"

"नाहीत."

"मग मी पेपर..."

तिला ते वाक्य पुरं करू द्यायचं नव्हतं मला. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न तपासता बोललो.

"तुझा पेपर माझ्यामुळे गेला," मी म्हणालो. "परत मिळू नये, कुणाला सांगू नये, हे मी बनवलं होतं, छान दिसावं म्हणून. आई बरी झाली कारण गाठ साधी होती. तू पेपर दिला असतास तरी ती साधीच निघाली असती. तू काही देऊन तिला वाचवलं नाहीस, आणि न देऊन तिला मारलंही नसतंस. तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं की तू आईबद्दल विचारतेयस. कळूनही मी उत्तर दिलं. मी दार वाजवायला हवं होतं. जिन्यात मी खोटं बोललो, तेव्हाही घाबरून. माझ्यासाठी काही देऊ नकोस, एवढंसुद्धा नाही. चुकलो मी, बेटा. फार चुकलो. मला माफ कर."